आधीच भरलेला सहाचा रकाना: नव्या परिचारिकेसमोर आलेलं एक प्रकरण

हे प्रकरण खरं आहे. ओळख पटू नये म्हणून वॉर्ड, वेळा आणि काही बारकावे बदलले आहेत, आणि माणसांना नावं न देता त्यांच्या भूमिकांनीच ओळखलं आहे: नवी सिस्टर, सीनियर सिस्टर, इन्चार्ज, मेट्रन. नव्याने नोकरीला लागलेल्या परिचारिकांशी बोलताना मी हेच प्रकरण घेते. यात कुणीही दुष्ट नाही, आणि तरीही एका माणसाचा जीव जायची वेळ आली होती.

पार्श्वभूमी

पुरुषांचा मेडिकल वॉर्ड, ३४ खाटा, सगळ्या भरलेल्या. रात्री आठ ते सकाळी आठ दोन परिचारिका आणि एक मदतनीस. नवी सिस्टर शिक्षण पूर्ण करून रुजू झालेली आणि नाइट ड्यूटीला नुकतीच लागलेली. तिला शिकवण्यासाठी ठरावीक कुणी नेमलेलं नव्हतं. ज्या दिवशी जी सीनियर असेल तिच्याकडून शिकायचं, एवढीच व्यवस्था.

पहिल्या काही आठवड्यांतच तिला तीन गोष्टी खटकल्या.

पहिली म्हणजे फ्लशची बाटली. ड्रेसिंग ट्रॉलीवर १०० मिलीची सलाईनची बाटली असायची, तिच्या रबरी बुचात एक सुई कायमची खोचलेली. कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवलेली नळी, सलाईनने फ्लश (साफ) करायची वेळ आली की प्रत्येकजण सिरिंज त्या सुईला लावून सलाईन ओढायचा. सुई बदलली तरी सिरिंज तीच राहिली, तर एका पेशंटचं रक्त बाटलीत आणि बाटलीतून दुसऱ्याच्या शिरेत जाऊ शकतं, हे ती शिकून आली होती. अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या एका एन्डोस्कोपी केंद्रात भुलीच्या औषधाच्या व्हायल अशाच एकाहून अधिक रुग्णांना वापरल्या गेल्या. त्यातून हिपॅटायटिस सी पसरला, आणि २००८ मध्ये ६० हजारांहून जास्त लोकांना रक्त तपासून घ्यायला सांगावं लागलं.

दुसरी गोष्ट, रात्री गोंधळून उठणाऱ्या म्हाताऱ्या पेशंटचे हात बँडेजने खाटेला बांधणं. डॉक्टरांची लेखी ऑर्डर नाही, नोंद नाही. नातेवाईक यायच्या आधी सकाळी सोडायचे.

तिसरी गोष्ट टीपीआर चार्टची, म्हणजे टेंपरेचर, पल्स, रेस्पिरेशन (श्वास) यांच्या नोंदींच्या तक्त्याची. हे प्रकरण मुख्यतः तिच्याभोवती फिरतं. एकाखाली एक चार्ट पाहिले की पल्स ८०, रेस्पिरेशन २०, बीपी १२० बाय ८० हेच आकडे पुन्हापुन्हा दिसायचे. चौतीस माणसांचा श्वास एकाच चालीने चालत नाही. हे तिला कळत होतं, पण ती बोलली नाही. नवीन होती, आणि ज्या सीनियर हे करत होत्या त्याच तिला अवघड शीर कशी शोधायची ते प्रेमाने दाखवत होत्या. हा भाग मी मुद्दाम सांगते. चुकीची पद्धत बहुतेक वेळा चांगल्या माणसाकडूनच आपल्यापर्यंत येते, म्हणून तिच्याबद्दल बोलणं इतकं जड जातं.

ती रात्र

पावणेतीनच्या सुमाराला नवी सिस्टर अँटिबायोटिक लावायला कोपऱ्यातल्या खाटेशी गेली. न्यूमोनियाचा पेशंट, वय सत्तरीच्या आसपास, मास्कने ऑक्सिजन चालू. संध्याकाळी ओव्हर, म्हणजे आधीच्या शिफ्टकडून वॉर्डाचा ताबा, घेताना ते घरच्यांबद्दल बोलत होते. आता उशीला टेकून ताठ बसले होते. मानेचे स्नायू प्रत्येक श्वासाबरोबर ओढले जात होते. ‘काका, त्रास होतोय का?’ असं विचारल्यावर त्यांनी दोन शब्द उच्चारले, मध्ये थांबले आणि मग तिसरा.

तिने घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजला. ३२. ऑक्सिजन चालू असतानाही एसपीओटू, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ८८ टक्के. पल्स ११८, बीपी ११२ बाय ७०.

मग तिने चार्ट उघडला. दोनच्या रकान्यात पल्स ८०, रेस्पिरेशन २०, एसपीओटू ९६. आणि सकाळी सहाच्या रकान्यातही आकडे भरलेले होते. सहा वाजायला अजून सव्वातीन तास होते.

श्वासाच्या या २० च्या आकड्याकडे नीट पाहायला हवं. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये सुधारून प्रसिद्ध केलेल्या, पेशंटची प्रकृती किती ढासळली आहे ते मोजणाऱ्या न्यूज-२ या गुणपद्धतीत मिनिटाला १२ ते २० श्वासांना शून्य गुण आहेत, २१ ते २४ ला दोन आणि २५ पासून पुढे तीन. या वॉर्डात ती पद्धत वापरात नव्हती, पण लावून पाहिली तर नव्या सिस्टरने मोजलेल्या आकड्यांचे १० गुण होतात: श्वासाचे ३, एसपीओटूचे ३, ऑक्सिजन चालू असल्याचे २ आणि पल्सचे २. सात गुणांनाच तातडीने धावून जायचं असतं. म्हणजे २० लिहिणं ही धोक्याची घंटा बंद करून ठेवणारी नोंद होती. हृदय बंद पडण्याआधी शरीर बहुधा कित्येक तास सूचना देत असतं. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात वॉर्डात हृदय बंद पडलेल्या ६४ रुग्णांपैकी ८४ टक्क्यांची प्रकृती आधीच्या आठ तासांत ढासळत असल्याच्या खुणा सापडल्या होत्या. अशी सूचना सगळ्यात आधी बऱ्याचदा श्वास देतो, आणि वॉर्डात न मोजता सर्रास लिहिला जातो तोही श्वासच.

तिने खाटेचं डोकं आणखी वर केलं, मदतनिसाला पेशंटजवळ उभं केलं आणि ड्यूटी डॉक्टरांना फोन लावला. ‘सर, मेल मेडिकलमधून बोलतेय. न्यूमोनियाचे पेशंट, ऑक्सिजनवर आहेत. आत्ता श्वास ३२, एसपीओटू ८८, पल्स ११८. संध्याकाळी नीट बोलत होते, आता वाक्य पुरं होत नाहीये. मला त्यांची काळजी वाटते. तुम्ही आत्ता येऊन बघायला हवं.’

या बोलण्यात वायफळ काही नाही. कुठून, कोण, आत्ता काय, आधी काय होतं आणि मला काय हवंय, एवढंच. ‘पेशंट जरा बरा वाटत नाहीये’ असा फोन झाला असता तर डॉक्टर कदाचित ‘बघतो’ म्हणून पुन्हा झोपले असते. ते दहा मिनिटांत आले. तासाभरात पेशंट आयसीयूत हलला.

पेच नेमका कुठे होता

पेशंट हलवायच्या गडबडीत सीनियर सिस्टर तिच्याजवळ आली. ‘अगं, दोनला श्वास २८ होता असं कर. एकदम ३२ दिसला तर सगळे विचारत बसतील. आणि सहाचं खोडून टाक, तिथे तू सही कर.’

नवी सिस्टर म्हणाली, ‘सिस्टर, दोनला मी पाहिलं नव्हतं. मी पावणेतीनचं लिहिते.’

‘सगळ्या असंच करतात गं. चौतीस पेशंट, दोन बायका. कधी मोजणार? तू नवीन आहेस, तुला कळेल हळूहळू.’

मला या संवादात दोन वेगळे प्रश्न दिसतात. पहिला सहीचा. जे पाहिलं नाही त्याखाली सही करायची का? इथे उत्तर एकच आहे, आणि नव्या माणसालाही ते पूर्णपणे आपल्या हातात ठेवता येतं. वॉर्डातली माणसं, यंत्रं, रोस्टर यांवर तिचं काही चालत नव्हतं. स्वतःच्या पेनवर चालत होतं.

दुसरा प्रश्न सीनियरने विचारलेला: कधी मोजणार? तो टाळून पुढे जाणं मला प्रामाणिक वाटत नाही. हिशोब करून पाहू. एका पेशंटचं टेंपरेचर, पल्स, श्वास, बीपी, एसपीओटू नीट घ्यायला आणि लिहायला पाच मिनिटं धरली, तर ३४ पेशंटना १७० मिनिटं. दहा, दोन आणि सहा अशा तीन फेऱ्यांचे ५१० मिनिटं, म्हणजे साडेआठ तास. दोघींच्या मिळून चोवीस तासांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त वेळ फक्त यात. त्यात इंजेक्शनं, सलाईन, सक्शन, कुस बदलणं, नवीन अॅडमिशन, कुणी दगावला तर त्याचं सगळं. सीनियर खोटं बोलत नव्हती. काम खरंच वेळेत बसत नव्हतं.

पण पुढचं तिच्या लक्षात आलेलं नव्हतं. चार्ट भरलेले असल्यामुळे काम वेळेत बसत नाही हे वॉर्डाबाहेर कुणालाच दिसत नव्हतं. मेट्रनच्या टेबलावर जे कागद जात होते ते सांगत होते की दोन सिस्टर ३४ पेशंटच्या तिन्ही फेऱ्या व्यवस्थित करतात. मग तिसरी सिस्टर का द्यायची? वर्षानुवर्षं वॉर्ड स्वतःच्याच हाताने मनुष्यबळाच्या कमतरतेचा पुरावा खोडत होता. परिचर्या संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्यातल्या रुग्णालयांच्या अभ्यासात दाखवलं की शस्त्रक्रियेच्या रुग्णांमध्ये प्रत्येक परिचारिकेमागे एक पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. असे आकडे वरिष्ठांसमोर मांडायचे तर आपल्या वॉर्डातली खरी नोंद हातात असावी लागते. ती इथे नव्हती.

कोणते मार्ग होते

गप्प राहून स्वतःपुरतं नीट काम करायचं, हा पहिला मार्ग. बहुतेक नव्या परिचारिका हाच निवडतात, आणि मी त्यांना दोष देत नाही. त्याने आपल्या शिफ्टमधला पेशंट सुरक्षित राहतो. पण खाटा त्याच राहतात आणि पुढच्या रात्री तिथे दुसरी असते. शिवाय काय बरोबर आहे ते माहीत असूनही करता न येण्याची एक वेगळीच टोचणी मनाला लागते. नीतिशास्त्राचे अमेरिकन अभ्यासक अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये परिचारिकांच्या याच अवस्थेबद्दल लिहिलं होतं. ती साठत जाते, आणि चांगल्या मुली वर्ष-दोन वर्षांत नोकरी सोडतात.

सीनियरशी एकटीने, शांतपणे बोलणं हा दुसरा मार्ग. बाटलीच्या बाबतीत हे आधीच करता आलं असतं. ‘सिस्टर, मी प्रत्येकासाठी वेगळी लहान अँप्युल उघडते, चालेल ना?’ एवढ्यानेही बरंच होतं. आपण पद्धत बदलायची, समोरच्याला आरोपी करायचं नाही. पण ज्या रात्री पेशंट अत्यवस्थ झाला आणि खोटी नोंद जुळवायला सांगितली गेली, त्या रात्रीनंतर नुसतं बोलणं पुरेसं नव्हतं.

तिसरा मार्ग इन्चार्जकडे जाणं, आणि रुग्णालयाचा इन्सिडन्ट रिपोर्ट, म्हणजे घडलेल्या घटनेचा लेखी अहवाल, भरणं.

चौथा थेट बाहेर जाणं: परिचारिका परिषद, नियामक संस्था, वर्तमानपत्र. एका मैत्रिणीने तिला चार्टचे मोबाइलवर फोटो काढून ठेवायला सांगितलं. तिने काढले नाहीत, आणि ते बरोबर होतं. पेशंटचे कागद खासगी फोनमध्ये गेले की मूळ मुद्दा बाजूला पडतो आणि गुन्हा तिच्याच नावावर लागतो. बाहेर जाण्याची किंमतही माहीत असायला हवी. टेक्सासमधल्या दोन परिचारिकांनी २००९ मध्ये एका डॉक्टरच्या उपचारांबद्दल राज्याच्या वैद्यकीय मंडळाकडे तक्रार केली, तर त्यांची नोकरी गेली आणि त्यांच्यावरच फौजदारी खटला भरला गेला. एकीवरचा आरोप खटल्याआधी मागे घेतला गेला, दुसरीला २०१० मध्ये ज्युरीने निर्दोष सोडलं. दोघी बरोबर ठरल्या, पण मधला काळ त्यांनी जो काढला तो काढला. आतले सगळे दरवाजे बंद झाले, किंवा आतलेच लोक गुन्हा दडपत असतील, तर बाहेर जावंच लागतं. इथे आतला दरवाजा अजून कुणी वाजवलाच नव्हता.

राजीनामा हाही एक मार्ग तिच्या मनात होता. तो तिने लिहिला नाही.

प्रत्यक्षात काय केलं

तिने त्या पेशंटच्या चार्टवरच्या दोनच्या आणि सहाच्या आकड्यांना हात लावला नाही. खोडलं नाही, व्हाइटनर लावला नाही, आकडे फिरवले नाहीत. पावणेतीनची वेळ घालून स्वतः मोजलेलं लिहिलं, डॉक्टरांना किती वाजता कळवलं आणि ते किती वाजता आले ते नर्सेस नोट्समध्ये लिहिलं, आणि तिथेच सही केली. मग उरलेल्या रात्रीत सहाच्या फेरीत बाकीच्यांपैकी जेवढे पेशंट खरोखर तपासता आले तेवढ्यांचे आकडे भरले. जे राहिले त्यांच्या रकान्यात लिहिलं: ‘घेतले नाही, आयसीयू ट्रान्सफर चालू.’

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात धाडसी वाक्य हे आहे. रिकामा रकाना पाहून सकाळी ओरडा बसतो, पण तो रकाना खरं बोलतो.

सकाळी ती इन्चार्जकडे गेली. इन्चार्जची पहिली प्रतिक्रिया थंड होती. ‘आल्याआल्याच तक्रार? तुझ्या सीनियरची वीस वर्षं सर्व्हिस झाली आहे.’ तिने सीनियरच्या स्वभावाबद्दल चकार शब्द काढला नाही. ‘मॅडम, मी त्यांच्याबद्दल नाही बोलत. पावणेतीनला श्वास ३२ होता आणि चार्टवर सहा वाजताचे आकडे आधीच होते. परत असं झालं तर पेशंट आपल्या हातात राहणार नाही. मी रिपोर्ट भरतेय, तुम्हाला आधी सांगावं म्हणून आले.’ रिपोर्टमध्ये तारीख, वेळ, आकडे, काय केलं एवढंच लिहिलं. ‘निष्काळजीपणा’, ‘नेहमीच’, ‘सगळ्या जणी’ असे शब्द नव्हते. बाटली आणि हात बांधणं यांचा तिने वेगळा, लेखी उल्लेख इन्चार्जकडे दिला, त्याच रिपोर्टमध्ये कोंबला नाही. त्यामुळे तिन्ही गोष्टींची चौकशी स्वतंत्रपणे झाली.

आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची आचारसंहिता १९५३ पासून आहे आणि २०२१ मध्ये सुधारली गेली. सहकाऱ्यामुळे किंवा एखाद्या पद्धतीमुळे रुग्णाला धोका असेल तर योग्य ती पावलं उचलणं हे परिचारिकेचं कर्तव्य आहे, असं ती सांगते. वयाची किंवा सर्व्हिसची अट त्यात नाही.

काय झालं

पेशंट वाचले. काही दिवस आयसीयूत काढून वॉर्डात आले आणि घरी गेले.

वॉर्डात मात्र तिला त्रास झाला. चहाला बोलावणं बंद झालं. ओव्हर देताना तिच्याशी नेमकं तेवढंच बोललं जायचं. लागोपाठ नाइट लागल्या, मागितलेला ऑफ मिळाला नाही. यातलं काहीच सिद्ध करता येणार नाही अशा बेताने घडत होतं. तिला सावरलं ते तिच्याच तुकडीतल्या, दुसऱ्या वॉर्डातल्या एका सिस्टरने आणि कॉलेजातल्या एका शिक्षिकेने. दोघींनी पेशंटची ओळख न विचारता तिचं नुसतं ऐकून घेतलं.

मेट्रननी तीन रात्रींचे चार्ट मागवले. आकड्यांचं साम्य त्यांनाही दिसलं. कुणाला निलंबित केलं नाही, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो. एका सीनियरला शिक्षा झाली असती तर बाकीच्यांनी आकडे थोडे वेगवेगळे लिहायला सुरुवात केली असती, एवढंच. त्याऐवजी चौकशीत कळलं की वॉर्डातलं एकच पल्स ऑक्सिमीटर चालू होतं आणि तेही शेजारच्या वॉर्डाबरोबर वाटून घेतलं जायचं. बीपीचा एक कफ गळत होता. ही दोन्ही साधनं बदलली गेली. डॉक्टरांनी रोज संध्याकाळी लेखी ठरवायला सुरुवात केली की कुणाला दोन तासांनी पाहायचं आणि कुणाला रात्री एकदाच पुरे. त्यामुळे फेरीतलं काम कमी झालं आणि जे उरलं ते खरं होऊ लागलं. ‘घेतले नाही’ असं लिहायला अधिकृत परवानगी मिळाली. तसे रकाने दर आठवड्याला मोजून मेट्रनकडे जाऊ लागले. त्या आकड्यांवर रात्रीसाठी तिसरी सिस्टर मागितली गेली. ती पूर्ण वेळ मिळाली नाही. रात्री दहा ते दोन एक जादा सिस्टर मिळाली.

फ्लशसाठी लहान अँप्युल आल्या, बाटली ट्रॉलीवरून गेली. हात बांधण्याबाबत लेखी ऑर्डर आणि ठरावीक वेळाने पुन्हा पाहण्याचा नियम झाला, पण तो रात्री किती पाळला जातो याबद्दल नवी सिस्टर स्वतःच साशंक होती.

वेगळं काय करता आलं असतं

चार्टमधलं साम्य दिसल्यापासून त्या रात्रीपर्यंत काही आठवडे गेले. ‘सिस्टर, श्वास तुम्ही कसा मोजता, मला दाखवाल?’ हा शिकणाऱ्या मुलीचा साधा प्रश्न होता. त्यात कुणाचा अपमान नव्हता, आणि तो विचारला असता तर कदाचित सीनियरच मोकळेपणाने म्हणाली असती की मोजत नाही. नव्या माणसाला प्रश्न विचारायची जी मुभा असते ती फार दिवस टिकत नाही. ती सुरुवातीलाच वापरावी.

इन्चार्जचं पहिलं वाक्य चुकलं. ‘पेशंट कसा आहे?’ हे ते असायला हवं होतं. सर्व्हिस किती वर्षं हा प्रश्न त्या सकाळी कुणी विचारलाच नव्हता. रिपोर्ट भरल्यानंतर रोस्टरवर लक्ष ठेवण्याचं कामही इन्चार्जचंच होतं. तक्रार करणाऱ्या व्यक्तीच्या ड्यूट्या महिनाभर मेट्रनने स्वतः तपासल्या असत्या तर लागोपाठच्या नाइट थांबल्या असत्या.

सीनियर सिस्टरलाही कुणी विचारलं नाही की तुला हे कधीपासून जमत नव्हतं, आणि सांगितल्यावर काय झालं. नंतर कळलं की तिने बऱ्याच वर्षांपूर्वी मनुष्यबळासाठी अर्ज दिला होता. उत्तर आलं नव्हतं. चौकशीत तिचं म्हणणं दोषी म्हणून न ऐकता जाणकार म्हणून ऐकलं असतं, तर हात बांधण्याबद्दलचा नियमही रात्रीच्या परिस्थितीला धरून बनला असता.

एक गोष्ट शेवटपर्यंत राहून गेली. पेशंटच्या मुलाला ‘रात्री त्रास वाढला म्हणून आयसीयूत हलवलं’ एवढंच सांगण्यात आलं. दोनला तपासणी झालीच नव्हती, आणि सहाचे आकडे आधीच लिहिले होते, हे त्याला कुणी सांगितलं नाही. हे सांगणं नव्या सिस्टरवर ढकलणं अन्याय झाला असता. ते काम उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी आणि मेट्रननी मिळून, समोर बसवून करायला हवं होतं. पेशंट वाचले असले तरी त्यांच्या घरच्यांचा तो हक्क होता, आणि तो आजही कुणी पुरा केलेला नाही.